सनईला आधी ऊब हवी

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात सकाळचा मुहूर्त असला, तर मांडवात पाहुण्यांच्या आधी सनईवाले हजर असतात. थंडीने अंग काकडत असते. जाणता वादक सनई काढल्याबरोबर रागाला हात घालत नाही. तो पत्ती तोंडात धरून ओली करतो, सनई हातांनी चोळून ऊबदार करतो, दोन-चार लांब, हलके सूर काढतो. ही तयारी कशासाठी?

आधी सनईचा आवाज कसा निघतो ते पाहू या. तिच्या तोंडाशी दुहेरी पत्ती असते. फुंकर मारली की पत्तीची दोन पाने झपाट्याने उघडतात व मिटतात आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. नळी शंकूसारखी, खाली रुंद होत जाणारी असते. सोलापूरची सुंदरी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदातील ओबो ही याच कुळातील वाद्ये. शीतपेयाच्या नळीचे एक टोक दाबून चपटे करा, त्याचे दोन्ही कोपरे तिरके कापा आणि ओठांत धरून फुंका. थोड्या खटपटीनंतर तुमची पिपाणी वाजू लागेल. खालचे टोक कापून ती आखूड केली की स्वर चढतो.

लांबी तीच राहिली, तरी हवा तापली की स्वर चढतोच. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. १५° से.ला तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर ३०° से.ला सुमारे ३४९ मीटर असतो. समजा, थंड सनईचा षड्ज २४० हर्ट्‌झ आहे. श्वासाने आतील हवा ३०° से.पर्यंत तापली, तर तोच स्वर सुमारे २४६ हर्ट्‌झ होईल. पेटीचा स्वर मात्र २४० वरच राहील. मग दोन्ही एकत्र वाजताना सेकंदाला ६ विस्पंद ऐकू येतील आणि सूर थरथरल्यासारखा वाटेल. म्हणून सनई आधी गरम करावी, मगच सूर जुळवावा.

दुसरे कारण लाकडाचे. श्वास गरम असतो, तसाच दमटही. थंड नळीत त्यातील बाष्पाचे पाणी होते व ते आतल्या लाकडात मुरते. आतला थर फुगू पाहतो. बाहेरचा कोरडा थर फुगत नाही, त्याच्यावर ताण पडतो. ताण वाढला की लाकूड शिरेच्या दिशेने तडकते. वर्षानुवर्षे जपलेले वाद्य एका सकाळी निकामी होऊ शकते! म्हणून नवे वाद्य सुरुवातीला रोज दहा-पंधरा मिनिटेच वाजवावे, हळूहळू वेळ वाढवावा. वादनानंतर मऊ फडक्याने आतून पुसावे. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, ते वादकाच्या शरीराचे. साध्या बोलण्यासाठी फुप्फुसांतील दाब पाण्याच्या ६ ते १० सें.मी. उंच स्तंभाइतका पुरतो. ओबोसाठी तो सुमारे ४० सें.मी. आणि जोरकस सुरात त्याच्या दुपटीइतकाही लागतो. सनईची पत्तीही असाच जोर मागते. छातीतील दाब वाढला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि फार वेळ जोर लावल्यास भोवळ येते. शिवाय पत्तीच्या फटीतून हवा थोडीच बाहेर पडते. छाती भरलेली असते, पण त्या हवेतील प्राणवायू कमी झालेला असतो. अशा वेळी वर आणखी श्वास घेऊन भागत नाही. आधी उरलेली हवा सोडावी, मग ताजी घ्यावी. गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेण्याची सनईवाल्यांची हातोटी गुरूसमोर बसूनच शिकावी.

शिकणाऱ्याने हलक्या, लांब सुरांनी आरंभ करावा आणि दर दहा मिनिटांनी थांबावे. भोवळ आली, डोके ठणकले किंवा कानात दडा बसला, तर वाद्य लगेच खाली ठेवावे. दम्याचा वा रक्तदाबाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. एकाची पत्ती दुसऱ्याने तोंडात घेऊ नये.

पुढच्या वेळी मांडवात सनईवाल्यांची ही तयारी चाललेली दिसली, तर ‘अजून सुरू का होत नाही?’ असे विचारू नका. सूर, लाकूड आणि छाती या तिघांचीही काळजी तेथे घेतली जात असते.