हाय-रेझ म्युझिक प्लेअर घ्यायचाय? आधी तुमची प्लेलिस्ट बघा

'२४ बिट', '१९२ किलोहर्ट्झ', 'स्टुडिओसारखा आवाज'... इन्स्टाग्रामवर हेडफोनचं एक रील शेवटपर्यंत बघितलं की पुढचा आठवडाभर या जाहिराती पाठ सोडत नाहीत. खिशात मावणारे हे प्लेअर काही हजारांपासून लाखांपर्यंत मिळतात. फोनमध्ये सगळी गाणी असताना एवढे पैसे घालावेत का?

ते तुम्ही काय ऐकता यावर आहे. कोल्हापूरच्या जवळचंच उदाहरण घ्या. शाहू महाराजांच्या दरबारातले गायक अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. पण त्या काळच्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. खरखर भरपूर, आणि उंच पट्टीतले बारीक ध्वनी मुळात टिपलेच जायचे नाहीत. असं रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये साठवलं तर फाइल फुगते, गाणं तेवढंच राहतं. तिथे फरक पडतो तो तबकडी किती स्वच्छ होती आणि डिजिटल प्रत कुणी किती काळजीने केली याचा. उलट अजय-अतुलने 'सैराट'साठी (२०१६) हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. तिथे चांगली फाइल आणि चांगला हेडफोन यांना काम आहे.

हाय-रेझ म्हणजे नेमकं काय?

सीडीमध्ये आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटमध्ये होते. त्यात साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी मावतात. माणसाच्या कानाची मर्यादा २०, आणि वयाबरोबर तीही खाली येते. यापेक्षा वरचं ते हाय-रेझ, उदाहरणार्थ २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. स्टुडिओत मिक्सिंग करताना ही जादा जागा उपयोगी पडते. ऐकणाऱ्याला मात्र कमी दर्जाच्या एमपीथ्रीवरून सीडीच्या दर्जावर आल्यावर जो फरक जाणवतो, तो त्याच्या पुढे गेल्यावर क्वचितच जाणवतो.

आता ब्लूटूथ. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट मागतो. एलडॅक हा चांगल्यांपैकी ब्लूटूथ कोडेक जास्तीत जास्त ९९० देतो. त्यामुळे वायरलेस इअरबड्सच वापरणार असाल, तर महागडा प्लेअर घेऊच नका. सरळ सांगते.

वायरचा हेडफोन असेल तर त्याचा इम्पिडन्स बघा. १६-३२ ओहमचे बहुतेक इअरफोन फोनला हजार-दोन हजारांचा यूएसबी-सी डोंगल लावूनही उत्तम वाजतात. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला जास्त ताकद लागते, तिथे प्लेअरचा विचार करायला हरकत नाही. फोनची बॅटरी वाचावी, मेमरी कार्डात सगळा संग्रह राहावा, ऐकताना व्हॉट्सॲपची टिंगटिंग नको, हीसुद्धा प्लेअर घेण्याची चांगली कारणं आहेत. बिटच्या आकड्यापेक्षा तरी नक्कीच.

घेताना काय तपासाल?

तुमच्या हेडफोनच्या ओहमला प्लेअर किती मिलिवॅट देतो, ते आधी. संवेदनशील इअरफोन असतील तर प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स एक ओहमच्या आसपास किंवा कमी हवा. गॅपलेस प्लेबॅक आहे का, हे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी आवर्जून विचारा. मैफलीचं रेकॉर्डिंग दोन ट्रॅकमध्ये तोडलेलं असेल, तर ते नसल्यास तानपुरा मध्येच क्षणभर गप्प होतो. एक मराठी नावाची फाइलही लावून बघा. काही छोट्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

मेमरी कार्डाचा हिशेबही करा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं तासाभराचं स्टिरिओ रेकॉर्डिंग दाबून लहान न करता ठेवलं तर साधारण २ जीबी होतं. फ्लॅकमध्ये ते बरंच आटोपतं आणि दर्जाही जात नाही.

'हाय-रेझ' लिहिलेली प्रत्येक फाइल तशी असतेच असं नाही. साधी एमपीथ्री मोठ्या फाइलमध्ये भरूनही विकता येते. स्पेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. १६ किलोहर्ट्झच्या वर आलेख कापल्यासारखा सपाट संपत असेल, तर संशय घ्या.

दुकानात दोन प्लेअरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा कानाला नेहमीच 'भारी' वाटतो. गाणं मात्र तुमचं घेऊन जा, दुकानदाराचं डेमो ट्रॅक नको. आणि हेडफोनही तुमचाच.