शेवटचे पाच मीटर

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं छोटं बेट आहे. तिथे प्रवाळ अगदी किनाऱ्याला लागूनच सुरू होतं, त्यामुळे स्कुबासाठी होडी लागत नाही. रस्त्याकडेला पिवळा रंग फासलेला दगड दिसला की गाडी थांबवायची, टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत पाण्यात शिरायचं. दक्षिणेकडच्या अशा एका जागेचं नाव अटलांटिस. बेटावरचे काइट सर्फरही तिथूनच समुद्रात उतरतात. म्हणजे पाण्याखाली डायव्हर आणि डोक्यावर वाऱ्याने ओढलेल्या फळ्या!

स्कुबा म्हटलं की धास्ती वाटते ती खोलीची. अशा ठिकाणी मात्र धोका असतो वरच्या पाच मीटरांत. वीस मीटर खोल असलेल्या माणसाला पतंगाशी काही देणंघेणं नसतं. प्रश्न त्याने वर येण्याचा.

मोटारबोट निदान ऐकू तरी येते. कुठून येतेय ते मात्र कळत नाही. आवाज एका कानापर्यंत आधी आणि दुसऱ्यापर्यंत किंचित उशिरा पोहोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे हा फरक जवळपास नाहीसा होतो आणि घरघर सगळीकडूनच येतेय असं वाटतं. काइटला तर इंजिनच नाही. वीसेक मीटर लांब दोऱ्यांच्या पतंगामागे सर्फर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने सहज जातो, तेही जवळजवळ नि:शब्द. त्याची नजर बराच वेळ पतंगाकडे असते आणि लाटांमध्ये डायव्हरचं डोकं नारळाएवढं दिसतं, तेही दिसलंच तर. साध्या फळीचे कल्ले काही सेंटिमीटरचेच असतात. पण हायड्रोफॉइल असेल तर खाली हातभर लांब दांडा आणि त्याला धारदार पंख.

डायव्हर चटकन बाजूला का होत नाही? कारण त्याला घाई करणं परवडत नाही. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून मिनिटाला साधारण ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नसतं आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. याहून वाईट म्हणजे दचकून श्वास रोखणं. दहा मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट होते. श्वास रोखून अगदी एक-दोन मीटर वर उसळलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून वर सावली दिसली तर श्वास बाहेर सोडायचा, थोडं खाली जायचं, आणि मग नेहमीसारखा श्वास चालू ठेवायचा. त्यासाठी टाकीत हवा शिल्लक हवी. तळ गाठेपर्यंत पाण्यात रेंगाळणाऱ्याला ही सोय नाही.

वर येण्याआधी दोरीला बांधलेला भडक रंगाचा फुगीर बोया सोडणं हा उत्तम उपाय. मात्र रीळ हातात धरायचं, अंगावरच्या जाकिटाला अडकवायचं नाही. फळी दोरीत अडकली तर अडकवलेलं रीळ माणसालाच वर खेचेल. हातातलं सोडून देता येतं. फ्लोरिडात लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या तिरक्या पट्ट्याचा झेंडा लावणं डायव्हरना कायद्यानेच बंधनकारक आहे आणि खुल्या पाण्यात बोटींनी त्यापासून ३०० फूट दूर राहावं, अशी अपेक्षा आहे. सर्फरला त्या झेंड्याचा अर्थ माहीत हवा, हे ओघानं आलंच. पाण्यात पडलेल्या पतंगाच्या दोऱ्यांना मात्र मदतीच्या भावनेनेही हात लावू नये. वाऱ्याने पतंग पुन्हा उचलला तर ताणलेली दोरी बोट कापते.

कोकणात, गोव्यात समुद्रावरचा वारा बहुधा दुपारी जोर धरतो. म्हणून सकाळी डायव्हिंग आणि दुपारी काइट, अशी वाटणी तिथे जमू शकते. मालवणला काळजी पतंगापेक्षा जेट-स्की आणि पॅरासेलिंगच्या बोटींची, पण पाच मीटरांचं गणित तेच. बोनेरला पूर्वेचे व्यापारी वारे सकाळपासूनच वाहतात, त्यामुळे वेळेची वाटणी उपयोगाची नाही. तिथे वाटणी जागेची करावी लागते. डायव्हरने तळ धरून उतरणीवरून उथळ पाण्यात यायचं, तीन मिनिटांचा थांबाही तिथेच घ्यायचा आणि मध्येच डोकं वर काढायचं नाही. आणि गाडीतून उतरण्याआधीच अटलांटिसच्या आकाशात पतंग दिसले, तर पुढचा पिवळा दगड गाठायचा.