उघड्या फाळक्यावरचे आभाळ

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. शुक्रवारची रात्र होती. जेवण आटोपून लोणखेड्याच्या घरी अंगणात बसलो होतो, एवढ्यात अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरहून मुलीचा फोन आला. तिकडे सकाळ झाली होती. "नाना, उद्या मॅचला भरीत करायचं म्हणतेय. पण पावसाची शक्यता 40 टक्के दाखवताहेत. काय करू?"

मॅच म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉलची. या फुटबॉलमध्ये चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो, पण तो प्रश्न आपण तूर्त बाजूला ठेवू. त्या एका गावातल्या मैदानात लाखाहून जास्त माणसे बसतात आणि सामन्याच्या चार-पाच तास आधीच मोटारी येऊन लागतात. मोटारीचा मागचा फाळका उघडायचा, शेगडी पेटवायची, शिजवायचे, शेजारच्या मोटारवाल्याला वाढायचे आणि मग सामन्याला जायचे. याला तिकडे 'टेलगेटिंग' म्हणतात. कित्येकांना सामन्यापेक्षा याचीच ओढ अधिक असते, असे मुलगी सांगते. त्यामुळे आठवडाभर सगळ्यांचे डोळे हवामानाच्या अंदाजाकडे लागलेले असतात. तासातासाचा पाऊस, वारा, थंडी, सारे पाहिले जाते. पावसात खेळ थांबत नाही; विजेला मात्र सवलत नाही. आठ मैलांच्या आत वीज पडली की खेळ थांबवायचा आणि शेवटच्या विजेनंतर पूर्ण 30 मिनिटे गेल्याखेरीज मैदानात उतरायचे नाही, असा तिथला दंडक आहे.

फोन ऐकताना मला सारंगखेडा आठवले. आमच्या लोणखेड्याहून शहाद्याच्या पुढे दोंडाईचा रस्त्याने गेले, की तापीच्या काठी सारंगखेडा लागते. एकमुखी दत्ताचे ठाणे. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. देशाच्या निरनिराळ्या भागांतून घोडे येतात. अलीकडे 'चेतक फेस्टिव्हल' या नावाने त्याचा गाजावाजाही होतो. आमच्या लहानपणी बैलगाड्या सुटायच्या, आता पिकअप आणि टेम्पो येतात. पण फाळका तसाच उघडतो. तीन दगडांची चूल मांडली जाते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, ती लाकडी बडगीत मिरची-लसणासह ठेचली जातात, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. मग हात पुसून माणसे घोड्यांच्या चाली पाहायला उठतात. टेलगेटिंग म्हणतात ते याहून वेगळे काय आहे?

फरक एवढाच, की आम्ही आभाळाकडे पाहत नाही. त्याला कारणही आहे. ऑक्टोबराच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पाऊस खानदेशातून निघून जातो. मार्गशीर्षात उत्तरेचे कोरडे वारे, निळे आभाळ आणि पहाटे तापीवर धुके. सरपण इतके वाळलेले, की काडी लावताच पेट घेते. शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा हा भरवसा खरा ठरतो. बाकीच्या दहा वेळांचे काय, हा प्रश्न विचारायचे आम्हांला शिकवलेलेच नाही.

2017 साली दत्तजयंती 3 डिसेंबरला होती. त्याच दिवसांत अरबी समुद्रात 'ओखी' चक्रीवादळ होते. ते कन्याकुमारीच्या बाजूने लक्षद्वीपकडे गेले होते. आधीच समुद्रात गेलेले केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार त्यात सापडले, ते परतले नाहीत. मग ते वळून सुरतेच्या दिशेने निघाले. सुरत आम्हांला परकी नाही. नंदुरबारहून आगगाडीत बसले की थेट सुरतच. पण वादळ म्हणजे समुद्राकाठच्या लोकांचे दुखणे, असे आम्ही मनाशी धरून चाललो होतो.

माझ्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम वर्ष उरले होते. यात्रेत गोडीशेवेचे दुकान लावणारी एक बाई आमच्या शाखेची कर्जदार होती. तिच्या कर्जाचा कागद मीच केला होता. बेसन, गूळ, तेल, सारे त्यातूनच आलेले. जयंतीच्या दिवशी मी दुकानापाशी थांबलो, तेव्हा तिने विचारले, "नाना, पेपरात पावसाचं काय म्हणतात?" सकाळीच वाचलेले शब्द डोक्यात होते : तुरळक ठिकाणी पाऊस. मी म्हणालो, "तुरळक आहे. काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. 5 तारखेला वादळाचा जोर ओसरला होता आणि ते सुरतेजवळ पोहोचत होते. त्या दिवशी मुंबईतल्या शाळांना सुटी द्यावी लागली. 6 डिसेंबरच्या अभिवादनासाठी दादरच्या शिवाजी पार्कवर उतरलेल्या लोकांना पालिकेच्या शाळांत हलवावे लागले. इकडे आमच्याकडेही पाऊस आला. फार नव्हता. पावसाळ्यात असा पाऊस पडला असता, तर कोणी छत्रीही उघडली नसती. पण गोडीशेवेला वाहून जायला पूर लागत नाही, दमट हवासुद्धा पुरते. तिची पोती जमिनीवर होती. वरून कापड होते, ताडपत्री नव्हती. गूळ सुटला आणि शेव चिकटून तिचे गोळे झाले.

घरी आल्यावर मी 'तुरळक' या शब्दाचा शोध घेतला. इतकी वर्षे मी त्याचा अर्थ 'थोडासा' असा घेत आलो होतो. हवामान खात्याच्या भाषेत तो पावसाचे प्रमाण सांगतच नाही, जागा सांगतो. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस झाला, तर तो 'तुरळक ठिकाणी'. त्याहून जास्त, पण निम्म्यापर्यंत केंद्रांवर झाला तर 'काही ठिकाणी'. तीन चतुर्थांशापर्यंत 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यापुढे 'सर्वदूर'. किती पडेल, ते 'हलका', 'मध्यम', 'मुसळधार' हे शब्द सांगतात. म्हणजे तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस, हे वाक्य अगदी बरोबर आहे. ज्याच्या डोक्यावर ते तुरळक ठिकाण येते, त्याच्यासाठी पाऊस सर्वदूरच असतो!

माझी चूक शब्दार्थाची होती, असे म्हणून सुटता आले असते. पण खरी चूक वेगळी होती, आणि बँकेत 35 वर्षे काढलेल्या माणसाला ती शोभणारी नव्हती. कर्ज देताना आम्ही दोन प्रश्न विचारतो. बुडण्याची शक्यता किती? आणि बुडालेच, तर जाईल किती? पहिल्याचे उत्तर कितीही लहान असले, तरी दुसऱ्याचे मोठे असेल तर तारण मागतो. तिच्या अर्जावर हे दोन्ही प्रश्न मी काटेकोरपणे विचारले होते. आभाळाच्या बाबतीत मात्र पहिल्यावरच थांबलो. पिकनिकला आलेल्याची भाकरी भिजते, तिचे वर्ष भिजणार होते. एकच अंदाज, पण दोघांना त्याचा अर्थ वेगळा.

नंदुरबारची मिरची हेच सांगते. बाजारात आलेली ओली लाल मिरची उघड्यावर पथाऱ्यांवर वाळत घालतात. वरून पाहिले तर जमिनीवर लाल लुगडे अंथरल्यासारखे दिसते. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस अवकाळी आला, तेव्हा अशीच मिरची भिजली. अरबी समुद्राकडून बाष्प यावे आणि त्याच वेळी पश्चिमी झंझावात यावा, की हिवाळ्यातही ढग दाटतात. हे रोज होत नाही, पण होते.

आता अंदाज पूर्वीसारखे दुर्मिळ राहिलेले नाहीत. हवामान खाते पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे जिल्ह्यागणिक देते, पुढच्या दोन-तीन तासांचाही अंदाज देते. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप आहे. उणीव आहे ती शेवटच्या शंभर पावलांची. हरवलेल्या पोराचे नाव आणि सापडलेल्या पाकिटाची खूण यात्रेतल्या कर्ण्यावरून दिवसभर सांगतात. त्यातच दर दोन तासांनी आभाळाची खबर साध्या भाषेत सांगितली, तर काय खर्च येईल? 'तुरळक' वगैरे नको. "आज संध्याकाळी पाऊस येऊ शकतो, माल जमिनीवरून उचला, ताडपत्री बांधा, विजा असतील तर झाडाखाली थांबू नका." एवढे पुरे.

मुलीला मी त्या रात्री काय सांगितले? 40 टक्के म्हणजे अशा दहा दिवसांतल्या चार दिवशी तिथे पाऊस. तेव्हा पाऊस येणारच किंवा येणारच नाही, असे धरू नकोस. वांगी आज रात्री घरीच भाजून ठेव. तिथे फक्त ठेचायचे आणि वाढायचे. आला पाऊस, तर कांद्याची पात भिजेल. ती हसली. म्हणाली, "नाना, अजून बँकेतच आहात."

गोडीशेववालीने मला कधी बोल लावला नाही. "पाऊस थोडाच तुमच्या हातात होता?" एवढेच म्हणाली, आणि हप्ताही तिने चुकवला नाही. आता तिची पोती लाकडी फळ्यांवर असतात आणि ताडपत्रीची घडी हाताशी असते. मी गेलो की अजूनही विचारते, "पेपरात काय म्हणतात?" मी खिशातून चष्मा काढतो आणि अंदाज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवतो. माझे मत सांगत नाही.