पीआरपी, एक्झोसोम आणि 'सामनचं इंजेक्शन': सुई नेमकं काय करते?

आज आपण अशा इंजेक्शनांबद्दल बोलणार आहोत, ज्यांना हल्ली 'रिजनरेटिव्ह' उपचार म्हणतात. लग्नसराई जवळ आली की माझ्या दवाखान्यात हमखास विचारलं जातं, "डॉक्टर, पंधरा दिवसांवर साखरपुडा आहे, पीआरपी करून घेऊ का?" मी 'नको' म्हणते. का, ते सांगते.

आपल्या त्वचेच्या वरच्या पातळ थराखाली डर्मिस नावाचा जाड थर असतो. त्यात कोलॅजेनचे तंतू असतात, गादीतल्या कापसासारखे. हे तंतू बनवणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. वय वाढतं, वर्षानुवर्षं ऊन लागतं, कुणाला सिगारेटची सवय असते. या पेशी सुस्तावतात आणि गादी दबत जाते. फिलर म्हणजे दबलेल्या जागी बाहेरून भर घालणं. रिजनरेटिव्ह उपचारांत मात्र सुस्तावलेल्या पेशींना पुन्हा कामाला लावायचा प्रयत्न असतो. कामगार तुमचेच, त्यामुळे वेळही त्यांचाच. नवं कोलॅजेन तयार व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक तर दिसत नाहीच, उलट एखादा काळानिळा डाग मात्र चेहऱ्यावर राहू शकतो.

आता पीआरपी, म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. गुडघा फुटला की रक्त गोठवायला प्लेटलेट धावतात, आणि त्यांच्यातून दुरुस्तीचा निरोप देणारी प्रथिनं बाहेर पडतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. पीआरपीत तुमच्याच हातातून साधारण 10 ते 20 मिलिलिटर रक्त काढतात आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात गरागरा फिरवतात. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे 1.5 ते 4.5 लाख प्लेटलेट असतात. चांगल्या पीआरपीत त्याच्या काही पट असायला हव्यात. इथेच गोम आहे. यंत्राचा वेग, वेळ, नळीचा प्रकार प्रत्येक ठिकाणी वेगळा, त्यामुळे दोन दवाखान्यांतलं पीआरपी एकसारखं नसतं. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं हेही एक कारण आहे.

मग उपयोग कुठे? मुरुमांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंगबरोबर पीआरपी वापरलं, तर नुसत्या मायक्रोनीडलिंगपेक्षा थोडा जास्त फायदा अनेक अभ्यासांत दिसला आहे. साधारणपणे महिन्याच्या अंतराने तीन बैठका होतात. त्वचेचा पोत थोडा सुधारतो. लोंबलेले गाल मात्र त्याने वर जात नाहीत, आणि कुणी तसं सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

'सामनचं इंजेक्शन' म्हणतात ते पॉलिन्यूक्लिओटाइड. सामन किंवा ट्राउट माशाच्या शुक्रपेशींतून काढलेले, शुद्ध केलेले डीएनएचे तुकडे. कोरियातून हे लोकप्रिय झालं. माशांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचं इंजेक्शन जरा जुनं. अमेरिकेत 2004 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती सौंदर्यासाठी नव्हे, तर एचआयव्हीच्या रुग्णांचे खोल गेलेले गाल भरण्यासाठी. सुरकुत्यांसाठीची मान्यता 2009 मध्ये आली.

एक्झोसोमबद्दल मी सावध आहे. पेशी एकमेकींना निरोप धाडतात त्या सूक्ष्म पिशव्या म्हणजे एक्झोसोम. कल्पना सुंदर आहे, पण अमेरिकेच्या एफडीएने एकाही एक्झोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही, आणि 2019 च्या डिसेंबरात रुग्णांना त्रास झाल्यावर जाहीर इशाराही दिला. बाटलीवर 'बाहेरून लावण्यासाठी' असं लिहिलेलं असेल, तर ती सुईने आत जाता कामा नये. बाटली मागून वाचा, संकोच करू नका.

आणि रक्ताशी खेळ म्हणजे काय, तेही ऐका. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. 2018 पासून तपास चालला, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये तिथल्या सीडीसीने अहवाल काढला. तपासनीसांना स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या, फ्रिजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारीही रक्त. 'माझंच रक्त आहे, मग धोका कसला?' असं वाटतं ना? धोका दुसऱ्याच्या रक्ताचा असतो. म्हणून नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं जाऊ द्या, सुईचं आणि मायक्रोनीडलिंगच्या टोकाचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जाऊ द्या. ब्युटी पार्लरमध्ये हे करू नका, कितीही ओळखीचं असलं तरी.

प्लेटलेट कमी असतील, गरोदर असाल, चेहऱ्यावर पिकलेले फोड किंवा नागीण असेल, कॅन्सरवर उपचार चालू असतील, तर पीआरपी टाळावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी ती दिली, त्या डॉक्टरांना विचारा.

पैशांचा विचार करत असाल तर माझं मत स्पष्ट आहे. रोजचं सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं ट्रेटिनॉइन यांच्यामागे जेवढा पुरावा आहे, तेवढा यातल्या एकाही इंजेक्शनमागे नाही. (ट्रेटिनॉइनही गरोदरपणात नको.) ते सहा महिने नेमाने करा, मग सुईचा विचार करू. आणि पहिल्या बैठकीआधी एकाच खिडकीजवळ, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी तिथेच उभं राहून पुन्हा काढा.

पुढच्या भागात वांगाबद्दल बोलू.