वाढ्यावरच किती दिवस?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या नांदेड-लातूर भागात जनावरांची दिवाळी असते. फडात कोयता चालू लागतो, वाढ्याच्या मोळ्या घरी येतात, गव्हाणी हिरव्यागार दिसतात आणि आपण चाऱ्याचा घोर सोडून देतो. आम्हीही तेच करीत आलो होतो.

मागे एका हंगामात आमच्या दारची म्हैस दोन-अडीच महिने नुसत्या वाढ्यावर होती. कडबा उन्हाळ्याला लागेल म्हणून गंज मोडलीच नव्हती. म्हैस व्याली आणि दुसऱ्या दिवशी सांजच्याला बसली ती उठेना. कान गार, मान कुशीकडे वळवलेली. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे आतून काही अडकलं. रात्री डॉक्टर आले, शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली, तेव्हा कुठे म्हैस पायावर उभी राहिली. हात धुता धुता डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय घालता?" आम्ही ऐटीत सांगितलं, "हिरवंगार वाढं, पोटभर!" ते म्हणाले, "तिथंच तर घोळ हाय, मालक."

वाढ्यात ऑक्झलेट असते. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. इकडे व्यालेल्या जनावराच्या दुधातून कॅल्शियम भराभर जात असते. दोन्हीकडून ओढ लागली की जनावर खाली बसते. शिवाय वाढ्यात प्रथिनेही कमीच. पोट भरते, अंग भरत नाही.

वाढे टाकून द्या असे आमचे म्हणणे नाही. घरचा चारा कोण टाकील? पण वाढे कुट्टी करून घाला, सोबत कडबा द्या, वर चुन्याची निवळी शिंपडा, रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण द्या. आणि जोडीला थोडी शेंगवर्गी हिरवी वैरण हवीच. ती विकत आणायची गरज नाही, दारात होते.

आम्ही न्हाणीचे पाणी जिथे वाया जात होते तिथे एक गुंठा लसूणघास केला. चांगल्या निगराणीत लसूणघास वर्षाला हेक्टरी ८० ते १०० टन हिरवा निघतो, म्हणजे गुंठ्याला ८ ते १० क्विंटल. रोजचे हिशेबाने दोन-अडीच किलो. एवढ्यावर म्हैस जगत नाही हे उघड आहे. पण वाढ्याच्या जेवणाला ही डाळ झाली. उस्मानाबादी शेळी असेल तर तिच्या हिरव्या चाऱ्याचा मोठा वाटा यातच भागतो. शेळीला मात्र पेंडी बांधून टांगून द्यावी, खाली पडलेला पाला ती तुडवील पण खाणार नाही. भारी खोडकर जात!

ओला लसूणघास एकदम भरपूर घालू नका, पोटफुगी होते. कापून थोडा सुकू द्यावा, कडब्यात मिसळावा. त्याहून जपायचे ते कोवळ्या ज्वारीला. पाण्याची ओढ बसलेली, गुडघाभर वाढलेली हिरवी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाल्ले की किराळ लागते. मग डॉक्टरला बोलवायलाही वेळ मिळत नाही. हिरवी ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच कापावी.

आता दुष्काळाचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात आमचा लसूणघास जळून गेला. माणसाला प्यायला घागर मिळेना, वाफ्याला कुठून घालणार? तगली ती बांधावरची सुबाभूळ. तिच्या मुळ्या खोल जातात. पण तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नये. सोबत शेवरी आणि हादगा लावला तर पाला आलटून पालटून देता येतो. पावसाळ्याच्या तोंडाशी बांधावर बी टोकले की झाले.

लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावा. गुंठ्याला पाव किलो बी पुरते, ओळीत एक फूट अंतर. बी घेताना त्यात अमरवेलीचे बी नाही ना हे बघून घ्या, नाहीतर सगळा वाफा पिवळ्या दोऱ्यांनी गुंतून बसतो. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, पुढच्या २५-३० दिवसांनी.

ती म्हैस त्यानंतर दोनदा व्याली, बसली नाही. घरची मंडळी सध्या वाफ्याला कुंपण करा म्हणून मागे लागली आहेत, कारण शेजारच्या शेळीला वाट सापडली आहे.