मांस कशामुळे खराब होते? तपासणी अहवाल असा वाचा

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून आपण मांस किंवा चिकन उत्पादनांचा व्यवसाय सुरू केला असेल आणि माल मुदतीआधी खराब होत असेल, तर फक्त 'एकूण जिवाणू संख्या' तपासून उपयोग नाही. जिवाणू किती आहेत हे त्यातून कळते. कोणते आहेत हे कळत नाही. त्यासाठी निवडक माध्यमांवरील तपासणी मागा.

निवडक माध्यम म्हणजे काय?

प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी अगार नावाच्या जेलीत पोषक घटक घालतात. त्यात ठरावीक रसायने किंवा प्रतिजैविके मिसळली की इतर जिवाणू दबतात आणि हवा तो गट वाढतो.

अहवालातील नावे आणि आपण काय करावे

• सीएफसी अगार (25 अंश सेल्सिअस, सुमारे 2 दिवस): स्यूडोमोनास. हवा लागणाऱ्या थंड मांसावर हेच सर्वाधिक वाढतात. मांस बुळबुळीत होते, दुर्गंधी येते. फ्रिजचे तापमान आणि साठवणुकीचे दिवस तपासा.

• व्हीआरबीजी अगार (37 अंश, 24 तास): आतड्यातील जिवाणूंचा गट, वसाहती जांभळट-गुलाबी. आतडी काढण्याची पद्धत, सुऱ्या, ओटा, हात यांची स्वच्छता पाहा.

• एमआरएस अगार (30 अंश, 3 दिवस): लॅक्टिक आम्ल जिवाणू. व्हॅक्यूम पाकिटातील मांस आंबण्याचे हे नेहमीचे कारण.

• एसटीएए अगार (22 ते 25 अंश, 2 दिवस): ब्रोकोथ्रिक्स. व्हॅक्यूम पाकिटात हा जास्त आढळल्यास आत हवा राहते का, सील नीट बसते का, ते पाहा.

सीएफसी व एसटीएएवर कधीकधी दुसरे जिवाणूही उगवतात. म्हणून 'ऑक्सिडेज' चाचणीने खात्री केली आहे का, हे विचारा.

नमुना देताना

• नमुना स्वच्छ पाकिटात, बर्फासोबत, शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा, गोठवू नका.
• पॅकिंगचा प्रकार आणि तारीख सांगा.
• प्रयोगशाळा एफएसएसएआयने अधिसूचित केलेली आहे याची खात्री करा.

लक्षात ठेवा

ग्रॅममागे जिवाणू साधारण 1 कोटीच्या आसपास गेले की वास येऊ लागतो. मात्र वास नाही म्हणजे मांस सुरक्षित, असे नाही. साल्मोनेलासारखे रोगजंतू वास न येताही असू शकतात. त्यांची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते. परवाना किंवा नोंदणीबाबत अडचण असल्यास योजनेच्या जिल्हा संसाधन व्यक्तीशी संपर्क साधा.