नाथसागराच्या काठी पहाटेची छायाचित्रे

पैठणच्या धरणाने गोदावरी अडविल्यावर ज्याचे पाणी शेवगाव तालुक्याच्या हद्दीपर्यंत पसरले आणि ज्यास १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्या नाथसागराच्या काठी हिवाळ्यातील पहाटेच्या अंधुक उजेडात रोहित पक्ष्यांचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याच्या पदरी पुष्कळदा रवाळ, ठिपक्याठिपक्यांची प्रतिमा येते. तिचा दोष सर्रास वाढविलेल्या आयएसओवर ठेवला जातो; हा दोषारोप मला अन्यायाचा वाटतो. आयएसओ वाढविल्याने प्रकाशाचा एक कणही अधिक येत नाही. जमा झालेला अल्प संकेतच त्यायोगे वर्धित होतो, आणि त्यातील विक्षेपही त्याच्याबरोबर. मूळ कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. त्याचे कण पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमित पडतात. म्हणून संवेदकाच्या एका बिंदूवर सरासरी दहा हजार कण येत असतील, तर चढउतार सुमारे शंभरांचा, म्हणजे शेकडा एक. पण शंभरच येत असतील, तर दहांचा, म्हणजे शेकडा दहा. तेव्हा भिंगाचे छिद्र होईल तितके मोठे ठेवावे, आणि पक्षी उथळ पाण्यात स्थिर उभे असतील तोवर कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून शटर मंद करावे. थवा उडाला, तर मात्र शटर जलद करून आयएसओ निःशंक वाढवावा. कारण रवाळपणा पुढे संगणकावर बराच कमी करता येतो, पण हालून पुसटलेले पंख पुन्हा रेखीव करणे फार कठीण असते.